आत्याचं ब्लीच आणि आतोबांची टाकी

आमचे आतोबा कुणाच्याही घरी गेले की आधी मोरी बघतात. घरातली माणसं, पुढे आलेला चहा, भिंतीवरचे फोटो हे सगळं नंतर. पाणी कुठे जातं, साबण कोणता वापरता, फिनेल किती ओतता एवढं विचारून झालं की मग "बाकी कसं काय?" म्हणायचं, आणि त्याचं उत्तर ऐकायला थांबायचं नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे आतोबा असेच असतात. मोठी झाल्यावर कळलं की हा नमुना एकच आहे आणि तो आमच्या वाट्याला आलाय.

एका कारखान्याच्या वसाहतीला सांडपाणी साफ करायचं केंद्र होतं. आतोबा उभी हयात तिथले चालक. राहायलाही केंद्राच्या आवारातलं घर, खिडकी उघडली की समोर टाकी. टाकीत तपकिरी पाणी रात्रंदिवस खदखदत असायचं, कारण खालून हवा सोडलेली. वसाहतीतले लोक त्यांना टाकीवाले म्हणत, आणि आतोबांना तो किताब वाटायचा.

"लोकांना वाटतं पाणी मशीन साफ करतं," ते मला सांगायचे. "मशीन नुसतं वारा घालतं गं. साफ करतात ते जंतू. एकट्यादुकट्याचं ते काम नाही. एकाने खाऊन टाकलेलं दुसऱ्याचं जेवण, दुसऱ्याचं उष्टं तिसऱ्याला. खाणं मुबलक असलं की एकेकटे उंडारतात. टंचाई आली की एकमेकांना चिकटून गोळे करून राहतात. अगदी नातेवाइकांसारखे."

हे गोळे जड होऊन शेजारच्या शांत टाकीत तळाला बसायचे, वरचं निवळ पाणी ओढ्याला जायचं, आणि बसलेला गाळ एका पाइपातून पुन्हा पहिल्या टाकीत, पुन्हा कामाला. आतोबांच्या जगण्याचा सगळा प्रश्न एवढाच: आज गाळ बसतो आहे का? बसला तर ते गुणगुणत जेवायचे. नाही बसला तर ताटावर बसूनही ताटात नसायचे. सूक्ष्मदर्शकाखाली देठावर डुलणारे घंटेसारखे जीव दिसले, की घरी येऊन पाव्हणे आल्यासारखं सांगायचे, "आज पुष्कळ जण आलेत." हे जीव सुटे भटकणारे जंतू खातात, म्हणजे ते आले की टाकीचा संसार नीट चाललाय असं समजायचं.

एका थंडीत निम्म्या वसाहतीचा घसा बसला आणि डॉक्टरांनी सरसकट अँटिबायोटिक लिहून दिली. आतोबा हादरले. ती औषधं शेवटी कुठे येणार? टाकीत. दारोदार जाऊन त्यांनी हात जोडले. "गोळ्या घ्या, मी नको म्हणत नाही. पण सगळे एकदम बरे होऊ नका. आळीपाळीने व्हा." कुणी हसलं, कुणी दार लावून घेतलं. वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष तापाने फणफणले होते, ते पांघरुणातूनच म्हणाले, "माझा नंबर कितवा?" आतोबांना हा विनोद वाटला नाही. त्यांनी विचार करून सांगितलं.

आता आत्या. ती एका इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करायच्या विभागात नोकरी करून निवृत्त झालेली. चिमटे, कात्र्या, सुया, सगळं वाफेत घालून जंतूंचा नायनाट करायचा, हा तिचा धंदा. म्हणजे नवऱ्याने जन्मभर जंतू पोसले आणि बायकोने जन्मभर मारले. हे स्थळ जुळवणारा माणूस कोण, तर माझे बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. त्या वेळी ते अभिमानाने म्हणाले होते म्हणे, "दोघांचं क्षेत्र एकच आहे."

आत्याच्या घरात ब्लीचचा वास हा हवेचाच भाग होता. सकाळी फरशी, दुपारी मोरी, मधे जिना, आणि हाताला राहवलं नाही तर फाटक. आतोबा घरी आले की त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत आणि ते स्वतः बाहेरच्या नळाखाली. एकदा तिने त्यांचा चष्मा ब्लीचमध्ये बुडवला, तेव्हापासून त्याची काडी पांढरी पडली. "तू माझ्या माणसांना मारतेस," असं आतोबा म्हणायचे, आणि आत्या म्हणायची, "तुमच्या माणसांनी माझ्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही." रोजचं होतं हे. त्यात राग कमी आणि सवय जास्त. माझ्या पाहण्यात तरी त्या दोघांना भांडल्याशिवाय जेवण गेलं नाही.

मग त्यांनी ती स्पंजची भानगड केली.

त्या दिवशी मी आणि बाबा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, त्यामुळे आत्या अधूनमधून हट्टाने बोलावते. जेवता जेवता ती बाबांना सहज म्हणाली, "ह्यांना घासून घासून माझे हात झिजले बघ. ह्यांचं काम काय, तर घाणीच्या घरात दिवस काढायचा."

घाणीचं घर हा शब्द आतोबांना लागला. ते ताटावरून उठले, सूक्ष्मदर्शक घेऊन आले आणि आमटीच्या भांड्याशेजारी मांडला. दोन काचपट्ट्या त्यांनी आधीच करून ठेवल्या होत्या, म्हणजे हे बरेच दिवस पोटात होतं. बाबांनी घास गिळत डोळा लावला.

"ही टाकी," आतोबा म्हणाले. "दिसते का वस्ती? आता ही दुसरी बघा. हा हिचा भांडी घासायचा स्पंज. नखाएवढा तुकडा पिळलाय फक्त. दाटी बघा. माझ्या टाकीत निदान हवा तरी खेळती आहे. आता घाणीचं घर कुठलं, ते तुम्हीच ठरवा."

बाबांनी चमचा खाली ठेवला. मी माझ्या ताटाकडे पाहिलं. ते त्याच स्पंजाने घासलेलं होतं.

आत्या उठली आणि तिने स्वतः डोळा लावला. पुष्कळ वेळ बघत राहिली. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, मला काय कळतंय त्यातलं. हिला सगळं कळत होतं, तीच तर पंचाईत. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मला त्या क्षणी आतोबांचा इतका संताप आला की तो सूक्ष्मदर्शक उचलून त्यांच्याच टाकीत टाकावा. जिने जन्मभर एकाही पेशंटला जंतू लागू दिला नाही, तिला तिच्याच जेवणाच्या टेबलावर, तिच्याच भावासमोर हे दाखवायचं?

"भांडी तुम्हीच घासा," आत्या म्हणाली. "स्पंज आहेच." तिने बॅग भरली आणि आमच्याबरोबर टॅक्सीत येऊन बसली. आतोबा फाटकापाशी उभे होते. काहीतरी बोलायला हवं एवढं त्यांना कळत होतं. टॅक्सी हलली तसे ते आपल्याच बायकोला म्हणाले, "सावकाश जा हं. पुन्हा या."

आत्या आमच्याकडे राहिली म्हणजे माझ्याच खोलीत राहिली. मी घरी शिवणकाम करते. एका गिऱ्हाइकाचा गडद निळा कोट मशीनवर अर्धा शिवून ठेवला होता. आत्याने मशीन पुसलं. कोटाच्या पाठीवर पांढरे ठिपके उमटले, चांदणं पडल्यासारखे. मी आरडाओरडा केला. आत्या म्हणाली, "पण स्वच्छ आहे." आमच्या घरातलं एकूणएक फडकं तिने उकळलं. स्पंज तर तिने एकही शिल्लक ठेवला नाही, आणि ते ठीकच होतं, कारण मलाही आता त्याला हात लावायची छाती नव्हती.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, चार दिवसांचा रुसवा आहे. पण तिने शेजारच्या इमारतीत खोली बघायला सुरुवात केली, तेव्हा बाबांच्या पायाखालची जमीन सरकली. "ह्या वयात वेगळी राहतेस?" त्यांनी विचारलं. "वेगळीच होते," ती म्हणाली. "ते टाकीपाशी राहायचे, मी घरात." बाबांनी आतोबांना फोन लावला. "अहो, तुमची बायको खोली बघते आहे. काहीतरी करा."

पलीकडून आतोबा म्हणाले, "टाकी काय सुंदर चाललीय म्हणून सांगू. ब्लीच बंद झालं ना. सगळे कसे खुशीत आहेत."

बाबांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून एक शिवी दिली. मी बाबांच्या तोंडून शिवी त्याआधी ऐकली नव्हती.

पुढच्या फोनला आतोबांचा आवाज थोडा खाली आला होता. गाळ जरा हलका झालाय म्हणाले. त्याच्या पुढच्या फोनला गाळ बसायला वेळ लावतोय. मग त्यांनी फोन उचलणंच सोडलं, म्हणून बाबांनी मला बघायला पाठवलं.

वसाहतीच्या कोपऱ्यावर वळले आणि मला वाटलं, रस्ता चुकला. केंद्राची भिंत दिसेना. तिच्या जागी तपकिरी फेस होता, दाट, चिवट, कमरेच्या वर, आणि तो शांतपणे रस्त्याकडे निघाला होता. सायकली ठेवायची शेड त्याने गिळली होती. एक मांजर आत शिरलं आणि दुसरीकडून वेगळ्याच रंगाचं बाहेर आलं. अध्यक्ष आपल्या मोटरसायकलचं फक्त हँडल दिसतंय त्याकडे बघत उभे होते. आणि फेसाच्या मधोमध, हातात खराटा घेऊन, आमचे आतोबा. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर. फेस झोडपत होते आणि त्याला म्हणत होते, "अरे, तुम्हाला कमी काय केलं मी?"

मुख्य कार्यालयाने एक इंजिनिअर बाई पाठवली होती. बाई हुशार आणि कामाला चोख. तिने थेंबभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, मला दाखवला, आतोबांना दाखवला. गोळ्यांमधून लांबच लांब धागे बाहेर आले होते, पिंजलेल्या कापसासारखे.

"हे तंतूसारखे जंतू," ती म्हणाली. "थोडे असले तर चांगलेच, गोळा धरून ठेवतात. पण ह्यांचं राज्य आलं की गोळे फुगतात, बसत नाहीत, आणि वर हा फेस. ह्यांना आवर घालणारं काहीतरी इथे होतं आणि ते अलीकडे बंद झालंय. इतकी वर्षं ही टाकी कधी फुगली नाही, म्हणजे कुणीतरी रोज थोडं क्लोरीन सोडत असणार. तुम्ही सोडत होता?"

"मी?" आतोबा म्हणाले. "मी कशाला विष घालू?"

बाईने आवारातले पाइप तपासायला घेतले. आतोबांच्या घराच्या मोरीचा पाइप वसाहतीच्या गटाराला मिळतच नव्हता. कुठल्या काळच्या प्लंबरने आळस केला देव जाणे, पण त्याने तो सरळ परतीच्या पाइपात जोडला होता, ज्यातून बसलेला गाळ पुन्हा टाकीत येतो. बाई उकिडवी बसून त्या जोडाकडे बघत राहिली आणि हसायला लागली. "अहो, पुस्तकात अगदी हीच जागा सांगितली आहे. इथे बेताचं क्लोरीन सोडलं की बाहेर लोंबणारे तंतू आधी जळतात आणि गोळ्याच्या आतले वाचतात. ब्लीचमध्ये क्लोरीनच असतं. घरात कोण वापरतं ते?"

कुणी काही बोलायच्या आत अध्यक्ष म्हणाले, "ह्यांची बायको! ती माहेरी गेलीय!" आणि मग, कोडं सुटल्याच्या आनंदात, "तिला आणा!"

आतोबा पालथ्या बादलीवर बसले. जी बाई आपली माणसं मारते म्हणून जन्मभर तोंड सोडलं, तिच्याच हाताने ती माणसं धडपणे नांदत होती. खराटा त्यांच्या हातातून केव्हा पडला हेही त्यांना कळलं नाही. मला त्यांची दया आली. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, बरं झालं.

इंजिनिअर बाई म्हणाली, हिशेब मी करते, पण रोज साधारण किती जात होतं ते कळलं तर जास्त पडून सगळंच मरायची भीती नाही. झालं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आणि आतोबा आमच्या दारात हजर. अध्यक्षांच्या बुटांना फेस वाळून चिकटलेला, म्हणून आत्याने दोघांना उंबऱ्याबाहेरच उभं केलं.

अध्यक्षांनी भाषण केलं. वसाहतीला तुमची गरज आहे, ओढा धोक्यात आहे, मोटरसायकलसुद्धा. आत्याने सगळं ऐकून घेतलं. परतीच्या पाइपाचं ऐकताना तिच्या भुवया वर गेल्या. मग ती आतोबांकडे वळली.

"इतकी वर्षं मारेकरीण होते. आता औषध झाले होय?"

आतोबा मान खाली घालून उभे. बाबा मागून खुणा करत होते, बोला, बोला. मी मनातल्या मनात म्हणत होते: एक शब्द, माणसा. घरी चल, एवढंच म्हण.

"किती टाकायचीस?" आतोबांनी विचारलं.

आत्याचा चेहरा मिटला. "सकाळी एक मग, दुपारी अर्धा," ती म्हणाली. "झालं काम? या आता."

अध्यक्ष धन्यवाद देत जिना उतरू लागले. आतोबा तिथेच. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आम्हाला वाटलं, आता.

"मग केवढा?" आतोबा म्हणाले.

आत्या आत गेली, आमच्या न्हाणीघरातला मग आणला आणि त्यांच्या हातात आदळला. "एवढा." आणि दार लावून घेतलं. बाबा खुर्चीत बसले ते डोकं धरून. मी ओरडले, मला आठवतंय, की असला माणूस मी जन्मात पाहिला नाही. संध्याकाळी आत्याने शेजारच्या इमारतीतली खोली नक्की केली.

फेस ओसरला. अध्यक्षांनी बाबांना आवर्जून फोन करून कळवलं की मोटरसायकल सापडली आणि गाळ बसायला लागला. बाबांनी ते आत्याला सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली. पण त्या दिवसापासून तिने आमची फरशी पुसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ब्लीचची बाटली कोपऱ्यात तशीच. मोरीला बोट लावलं तर बुळबुळीत लागत होतं, आणि आत्या खिडकीपाशी बसून होती. मला कधी वाटलं नव्हतं, पण मला त्या वासाची आठवण यायला लागली. सगळी टाकी आपल्या हातावर चालत होती हे जिला आत्ता कळलं, तिला लगेच हेही कळलं होतं की एका मगाने ते काम भागतं. तिला कसं वाटत असेल ते मी विचारलं नाही. दिसत होतं.

ती नव्या खोलीत जायच्या आदल्या सकाळी आतोबा आले. एकटेच, बसने. दाढी केलेली, शर्टाची बटणं जागच्या जागी. आत्या भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"आता काय झालं? पुन्हा फेस?"

"नाही."

"गाळ बसत नाही?"

"छान बसतो."

"माप चुकतंय का?"

"नाही. बाई म्हणाली, उत्तम चाललंय. माझंसुद्धा काम नाही तिथे फारसं."

"मग आलात कशाला?"

आतोबा तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात त्यांचे, खाली बसताना दोनदा थांबले. "टाकीचं भागतं तुझ्यावाचून," ते म्हणाले. "माझं भागत नाही."

सुरी थांबली. बाबा दारात होते, ते पाय न वाजवता मागे सरकले. मीही सरकायला हवं होतं, पण मी सरकले नाही.

"हे त्या दिवशी म्हणता नाही आलं?" आत्या म्हणाली. "सगळ्यांसमोर माप विचारलंत. मगाचं माप विचारलंत."

"त्या दिवशी टाकी बिघडलेली होती ना," आतोबा म्हणाले. "त्या दिवशी चल म्हटलं असतं, तर तुला खरं वाटलं असतं?"

खोटं बोलायचा आत्याचा स्वभावच नाही.

"नसतं वाटलं," ती म्हणाली.

"म्हणून आधी ती दुरुस्त केली," आतोबा म्हणाले.

आत्या रडायला लागली. मी तिला आईच्या वेळीसुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. आतोबांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि उरलेली भाजी चिरायला घेतली, वेडीवाकडी, देठांसकट. ती रडता रडताच म्हणाली, "अहो, धुवा तरी आधी." मी पुढे झाले, दोघांच्या मधली परात उचलली आणि म्हटलं, भाजीचं मी बघते, तुम्ही दोघं आधी निघा, पुढची बस चुकली तर तासभर बसावं लागेल.